कौल मागसून

आमच्या बाबांचा देवावर भारी भरवसा. भात पेरायचं असो की बैल विकायचा, आधी देवळात कौल. देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

आम्ही धामापूरला राहत होतो. मी तेरा वर्षांची असताना माझ्या पोटात दुखायला लागलं. कैऱ्या खाल्ल्या असतील, असं सगळे म्हणाले. खाल्ल्याही होत्या. आईने ओव्याचा काढा पाजला. पण दुसऱ्या दिवशी दुखणं बेंबीपासून उजवीकडे खाली सरकलं, ताप चढला, उलट्या झाल्या आणि उजवा पाय सरळ करता येईना. शेजारणीने आणलेलं एरंडेल आईने परत पाठवलं. खालच्या वाडीतली एक बाई अशाच दुखण्यात एरंडेल नि शेक घेता घेता गेली होती, ते ती विसरली नव्हती. बाबांना म्हणाली, हे काढ्याचं काम नाही, गावच्या दवाखान्याचंही नाही. पोट कापून बरं करतात त्या मोठ्या इस्पितळातच हिला न्यायला हवं.

कापायचं म्हटल्यावर बाबांची पाचावर धारण बसली. ते तडक देवळात गेले. नेमकी त्या दिवशी एकही पाकळी पडेना. बाबा हात जोडून बसले ते बसलेच.

इकडे आईने शेजारचे चौघे गोळा केले, मला डोलीत घातलं आणि देवळाच्या पायरीशी डोली थांबवली.

"तुमी हयसर कौलाक बसा," ती म्हणाली. "मी पोरीक घेवन कसालाक जातंय. देवान उत्तर दिल्यान, की मागसून येवा."

आवाज जराही चढवला नव्हता. बाबा उठले आणि त्यांनी डोलीला खांदा दिला. कसालला हमरस्त्यावर मोठ्या इस्पितळाकडे जाणारा एक ट्रक मिळाला. इस्पितळात लगेच ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, रात्र काढली असती तर अपेंडिक्स आतच फुटलं असतं.

मला बाबांचा भयंकर राग आला होता. पण ते उशाशी बसून पेज भरवायचे, एकेक चमचा फुंकून गार करून. मग कसला राग टिकतोय!

पुढे काही वर्षांनी शेजारचा एकजण धावत आला. त्याच्या मुलाच्या पोटात तसंच दुखत होतं, आणि कौल घ्यायला त्याला बाबा सोबत हवे होते. बाबा जेवत होते. ताटावरून उठून ते डोलीचा दांडा शोधायला लागले.

"आधी इस्पितळ," ते म्हणाले. "कौल मागसून घेवया. देव खंय पळान जाता?"