ताम्पोको, यांबा आणि कॅप्टन

वागाडुगू शहराच्या कडेला ताम्पोकोचं डोलोचं, म्हणजे ज्वारीच्या दारूचं, दुकान होतं. लाल ज्वारीला मोड आणून, वाळवून, दळून ती डोलो शिजवायची. झापाखाली बसून गिऱ्हाइकं तुंब्यातून ते पीत आणि जगाच्या उठाठेवी करत. तिचा नवरा नोबिला सायकली दुरुस्त करायचा. मनाने भला, पण घरात काडी इकडची तिकडे करायचा नाही.

तेव्हा देशावर कॅप्टनचं राज्य होतं. क्रांती करून आलेला, ऐन तिशीतला, हसरा. एकदा त्याने फर्मान काढलं: आज बाजार नवऱ्यांनी करायचा.

नोबिला कपाळाला आठ्या घालून टोपली घेऊन गेला आणि घामाघूम होऊन परतला. भेंड्या जून निघाल्या, सुकी मासळी किडकी.

"बाजारातल्या सगळ्या बाया मला हसत होत्या," तो म्हणाला. मग हळूच, "तू रोज हे ओझं डोक्यावरून आणतेस?"

"मग काय, ते आपल्या पायांनी चालत येतं?"

त्या संध्याकाळी तो कुणी न सांगता नळावरून पाणी घेऊन आला. ताम्पोकोने वर्तमानपत्रातला कॅप्टनचा फोटो कापून झापाच्या खांबाला चिकटवला.

पण त्याच कॅप्टनने तिच्या धाकट्या भावाला घरी बसवलं होतं. यांबा शाळामास्तर. मास्तरांनी संप केला आणि एका फटक्यात सगळ्यांच्या नोकऱ्या गेल्या. यांबाची बायको पोरांना घेऊन माहेरी गेली. तो रोज बहिणीकडे येऊन बसे.

"ताई, तो फोटो काढ. माझ्या तोंडचा घास काढलाय त्याने."

"फोटो राहील. घास मी घालीन."

तिने भावाचा बाक तेवढा फिरवून ठेवला, फोटोकडे पाठ होईल असा.

मग एका दुपारी शहरात गोळ्या झडल्या. कॅप्टनला त्याच्याच सोबत्यांनी मारलं, ही बातमी अंधार पडायच्या आत घरोघर पोचली. ताम्पोको चुलीपुढे मटकन बसली. डोलो उतू चाललं तरी तिला भान नव्हतं. यांबा आला. आता हा 'बरं झालं' म्हणेल, म्हणून तिने मान वर केली नाही. तो चुलीतली लाकडं मागे ओढून डोलो ढवळत राहिला.

दुसऱ्या दिवशी नव्या राजवटीचे शिपाई घरांची झडती घेताहेत अशी आवई उठली. यांबानेच फोटो अलगद सोडवून शर्टाच्या आत घातला.

"तुला तर तो डोळ्यांपुढे नको होता ना रे?"

"तुला धरून नेलं तर मला जेवायला कोण घालील?"

पुढे मास्तरांना परत घेतलं. यांबाची पोरंबाळं घरी आली. नोबिला म्हातारा होऊन गेला. बऱ्याच वर्षांनी राज्य पुन्हा उलटलं आणि कॅप्टनचा पुतळा उभा राहिला. यांबाने बहिणीला स्कूटरवरून तिथे नेलं, पण स्वतः फाटकाबाहेरच थांबला. ती डोळे पुसत बाहेर आली.

"नाक जमलेलं नाही," ती म्हणाली. "माणूस मात्र चांगला होता."

"होता. पण ताई..."

तिने कमरेच्या फडक्यातून चवळीचा वडा काढून त्याच्या तोंडात कोंबला.

"आधी खा. मग भांड."

तो खाता खाता हसायला लागला आणि त्याला ठसका लागला. ती बराच वेळ त्याची पाठ चोळत उभी राहिली.