पिल्चर साहेबाचा कोट

हे मी सांगणार नव्हते. तातांना तसा शब्द दिला होता. पण चेन्नईतल्या आमच्या वेलचेरीच्या सोसायटीतली मराठी मंडळी दर रविवारी भेटतात आणि तिथले किस्से दाराशी टेकवलेल्या छत्र्यांसारखे साचतात. एक उचलली की चार खाली पडतात.

यंदा मंडळींनी घरच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन ठरवलं. माझं अक्षर बरं, म्हणून वस्तूंखालच्या चिठ्ठ्या माझ्याकडे आल्या. त्यात बोलावं लागत नाही, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

मानाची वस्तू म्हणजे तातांचा लाल कोट. ताता दुसऱ्या मजल्यावर राहतात, मूळचे तंजावरचे, वय अठ्ठ्याहत्तर, आम्हा सगळ्याच मुलांना लाडाने ‘कण्णा’ म्हणतात. त्यांचे पणजोबा रामोजीराव इंग्रजांच्या काळी मद्रासच्या स्वयंसेवक पलटणीत होते, असं ते लिफ्टमध्ये भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगतात.

पुराच्या वर्षी जिन्यापाशी बोट आली, तेव्हा तातांनी आधी कोटाची पेटी पुढे केली. बोटवाला म्हणाला, सामान नको, माणसं द्या.

ताता म्हणाले, “हा सोल्जर. सामान मी आहे.”

*

कुलकर्णीकाका शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये आहेत. त्यांनी त्या पलटणीचे कायदे वाचून काढले. कचेऱ्यांतले, दुकानांतले गोरे लोक त्यात नाव घालत. शहरावर संकट आलं तर बंदूक धरायची. पण भल्या पहाटे, अंधारातच होणाऱ्या ठरलेल्या कवायतींना नाव पुकारल्यावर ‘हजर’ म्हटलं नाही, तर यादीतून नाव कटायचं.

“म्हणजे आमची सकाळची मीटिंग,” काका म्हणाले. “फक्त कॅमेरा बंद करून झोपायची सोय नव्हती.”

मग त्यांनी हळूच सांगितलं, की आपल्या लोकांना त्यात सहसा घेत नसत.

ताता शांतपणे म्हणाले, “कायद्याला रामोजी ठाऊक नव्हता.”

*

उद्घाटनाला परेड हवी, म्हणून काकांनी आम्हा मुलांना शिकवायला घेतलं. त्यांनी ‘क्विक मार्च’ म्हटलं आणि त्यांचा फोन वाजला. ते बोलत बोलत लिफ्टमध्ये शिरले. आम्हाला कोणी थांबवलंच नाही. आम्ही कंपाउंडच्या भिंतीला नाक लावून उभे राहिलो. शेवटी वॉचमनने सोडवलं.

*

आता शब्द दिलेला किस्सा.

चिठ्ठी लिहिण्याआधी मी कोट उलटून पाहिला. कॉलरच्या आत शाईने नाव होतं, ई. पिल्चर. तातांना दाखवलं. रामोजीराव पिल्चर साहेबाच्या कचेरीत कारकून होते, एवढं त्यांना ठाऊक होतं. साहेब इतका उंच, की दारातून वाकून यायचा आणि ऊन वर आल्याशिवाय उठायचा नाही, असं घरात सांगत.

“म्हणजे साहेबाने टाकलेला कोट,” ताता म्हणाले. “कोणाला सांगूं नकोस, कण्णा. मांडूं पण नकोस.”

समोरची कॉफी तशीच गार झाली.

मी कोटाची घडी घालायला घेतली. बाह्या जाड लागल्या. आतून चार बोटं दुमडून, बारीक टाक्यांनी शिवलेल्या होत्या. खालची कडही तशीच. आणि एका खांद्यावर, जिथे बंदूक टेकते तिथे, कापड झिजून नुसता दोरा उरला होता.

मी घडी मोडली. कोट तातांच्या अंगावर चढवला. ताता माझ्याएवढेच उंच आहेत. बाह्या बरोबर मनगटावर आल्या.

तातांनी खांद्यावर हात फिरवला आणि गार कॉफी एका घोटात संपवली. “मांड,” म्हणाले.

चिठ्ठीत मी लिहिलं, ‘रामोजीरावांनी वापरलेला कोट’. त्यात खोटं काही नव्हतं.

*

आज सकाळी हॉल भरला होता. कुलकर्णीकाकांनी सहज कॉलर उलटली आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, “ई. पिल्चर?”

मी हातातली चिठ्ठी उगाच सरळ केली.

ताता खुर्चीतून उठले. टाचा जुळवल्या, छाती पुढे काढली.

“हजर!”

काका एकदा कोटाकडे, एकदा तातांकडे बघत राहिले. आता ते माझ्याच चिठ्ठ्यांच्या टेबलाकडे येताहेत. त्यांनी विचारलं तर मी त्यांना सरळ सांगणार आहे, की…

“मुक्ता, ताता बोलावतायत. ये लवकर,” काका टेबलापाशी येऊन म्हणाले.