लॉगिनच्या आधीची ओळ

माझं काम कोणाले समजावून सांगायच्या भानगडीत मी पडत नाही. रामदासपेठेत दोन खोल्या, त्यात मी एकटी अन् लॅपटॉप. पुण्याच्या कंपनीकडून व्हर्च्युअल मशीनची इमेज येते, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा आयता कॉम्प्युटर. तो नीट सुरू होते का, एवढंच मी पाहते अन् अहवालासकट परत पाठवते. नेटवर्क नसलं तरी सिरीयल कन्सोल जोडला की काळ्या पडद्यावर त्याचं बोलणं ओळीओळीनं उतरते, अन् शेवटी येते लॉगिन.

बाबा काटोलच्या संत्रा मंडईत मापाडी होते. दुपारी लिलाव आटोपला की त्यांचा फोन यायचा, "जेवली का वं?" मी चिडायची. काम करून राहिली ना, जेवली, ठेवा आता, म्हणायची. जेवलेली नसायचीच. मेली घाई कशाची होती, देव जाणे.

मागच्या उन्हाळ्यात बाबा गेले. तेरवी करून खोलीवर आली, तर दुपार खायले उठे. एक दिवस लॉगिनच्या आधी जो मजकूर दिसते, त्या फाइलीत मी त्यांचे ते तीन शब्द टाकून दिले. रोमन अक्षरांत, कारण कन्सोलवर देवनागरीचे नुसते चौकोन दिसत. मग गरज नसतानाही मशीन सुरू करायची, लपवू कशाले? अन् मोठ्यानं खरं सांगायची, नाही जेवली. मग उठून वरणभात लावायची.

इमेज पाठवायच्या आधी ओळ काढून टाकायची. एकदा विसरली. ग्राहकानं कळवलं, अनोळखी भाषेत काहीतरी छापून येऊन राहिलं, कोणी घुसलं तर नाही ना?

मॅनेजर बाईंचा फोन आला. त्या मराठीच, त्यांनी वाचताक्षणी ओळखलं होतं. मी कबूल केलं, अन् काहून लिहिलं तेही सांगितलं. "काढावं लागेल हो," त्या म्हणाल्या, "आणि तपासूनही तुम्हीच द्या." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

ओळ काढली. मशीन सुरू केली. सरळ लॉगिन आलं. पडदा अडकला असेल म्हणून पुन्हा सुरू केली, तरी तेच. अहवालात एक नवा रकाना आला होता: लॉगिनच्या आधी कोणताही संदेश नसावा. त्याच्यापुढं मी लिहिलं, तपासलं, आता कोणी काही विचारत नाही. मग ते खोडलं, नुसतं 'पास' लिहिलं अन् पाठवून दिलं.