लिंबाजींचा फोटो कशात धुवावा

पंचशीला अहमदपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. कृष्णधवल फिल्मवर माणसांचे चेहरे टिपायचे आणि ती फिल्म घरच्या न्हाणीघरात स्वतःच धुवायची, हा तिचा नाद. नांदेडला कॉलेजात असताना तो तिला आणि तिची मैत्रीण शिल्पा हिला एकदमच लागला होता.

उन्हाळ्यात शिल्पा तिच्याकडे राहायला आली आणि पंचशीलेच्या वडिलांचे, लिंबाजींचे, फोटो काढून गेली. पुढे त्यातला एक मोठा करून तिनं पाठवला. एसटीत ड्रायव्हरकी करून निवृत्त झालेल्या लिंबाजींनी स्वतः खिळा ठोकून तो बैठकीत लावला. लेकीनं काढलेले त्यांचे सगळे फोटो कपाटात होते.

पंचशीला येता-जाता तो फोटो बघायची आणि आतून धुमसायची. वडिलांच्या गालावरचा उजेड त्यात किती मऊ उतरला होता! तिच्या फोटोंत त्यांच्या सुरकुत्या कोरल्यासारख्या दिसत. हा डेव्हलपरचाच, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनाचाच फरक, असं तिनं ठरवलं. तिचा डेव्हलपर कडक होता, फोटोतले बारीक काळे ठिपके, म्हणजे दाणा, ठळक करणारा. चेहऱ्यावरची रेघ न् रेघ दिसावी म्हणून तिनंच तो निवडला होता.

सहज विचारल्यासारखं करून तिनं शिल्पाला फोन केला. शिल्पानं आपल्या डेव्हलपरच्या पावडरचं नाव सांगितलं, ती जास्त पातळ करू नको म्हणाली, आणि आपल्याकडच्या गरमीत पाणी माठातलं घे, हेही सांगितलं. तिनं काही लपवलं असतं तर पंचशीलेला बरं वाटलं असतं. निदान राग तरी धरता आला असता.

पावडर मागवून तिनं वडिलांना शिल्पाच्या फोटोतल्या त्याच खिडकीशी बसवलं. फिल्म धुतली. मऊपणा तसाच आला, पण लिंबाजी ओळखपत्राच्या फोटोला बसल्यासारखे ताठ होते.

"बाबा, शिल्पानं काढलेल्या फोटोत तुम्ही असे कसे आलात?"

"ती तुझ्या आईचं विचारून राहिली होती. मी सांगत बसलो. तिनं फोटो कवा काढला, कळलंच न्हाई." मग ते म्हणाले, "तू म्हणतीस, हलू नका."

आईचं असं पंचशीलेनं त्यांना कधीच विचारलं नव्हतं. परक्या मुलीला ते आधी ऐकायला मिळालं, हे तिला फार लागलं. दोन दिवस ती वडिलांशी धड बोलली नाही.

रविवारी मात्र ती कॅमेरा मांडीवर घेऊन त्यांच्याशेजारी बसली आणि तिनं आईचा विषय काढला. भोकरच्या रस्त्यावर, थांबा नसताना, तिच्या आईसाठी गाडी कशी उभी केली होती ते सांगताना लिंबाजी तोंडावर हात ठेवून हसले. तिनं बटण दाबलं.

फिल्म धुताना दोन्ही डेव्हलपर समोर होते. मऊ वापरला असता तर फोटो शिल्पाच्या फोटोसारखा दिसला असता. तिनं आपला कडकच उचलला.

"लई म्हातारा दिसून राहिलो," फोटो बघून लिंबाजी म्हणाले, पण बराच वेळ त्यांनी तो हातातून सोडला नाही. शिल्पानं पाठवलेला फोटो त्यांनी भिंतीवरून उतरवला नाहीच. पंचशीलेनं शेजारी दुसरा खिळा ठोकला.

मग तिनं फोटो शिल्पाला पाठवला. शिल्पानं भरभरून कौतुक लिहिलं. त्यात कुठे जळफळाट दिसतो का, हे शोधत पंचशीलेनं तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. तसं काहीच नव्हतं. तिला त्याचाही राग आला.