बांबूच्या बेटातलं तपकिरी फुलपाखरू आणि गावस सर

गावस सरांना मी प्रथम पाहिलं ते साखळीतल्या एका सभेत. गोवा घटक राज्य होण्याच्या आसपासचे ते दिवस. व्यासपीठावर मराठी की कोकणी यावरून घसे बसत होते, आणि डिचोलीच्या शाळेत विज्ञान शिकवणारे हे गृहस्थ मागच्या भिंतीवर बसलेलं तपकिरी फुलपाखरू निरखत होते. मी खवचटपणे विचारलं, "सर, हे कुठल्या बाजूचं?"

"ह्येका दोनूय भाशेंत नांव ना," सर म्हणाले. "म्हणून सुखी आसा."

ते फुलपाखरू साधं, भातशेतीत कुठंही दिसणारं. पण सरांच्या गावी देवळामागच्या राईत, बांबूच्या बेटात, कातरवेळी उडणारं तसलंच एक सरांना वेगळं वाटत होतं. दुर्मीळ जातीचं असावं, असा संशय. उन्हाळ्यात मात्र पंख मिटले की दोन्ही वाळक्या पानासारखी, ओळखणार कसं?

नेमकं तेव्हाच देवस्थान समितीनं मंडपासाठी बेट तोडायचं ठरवलं. अध्यक्ष भाई सरांच्या बाजूचे. भर बैठकीत म्हणाले, "सर, दुर्मीळ म्हणून सांगात. बेट रावलें म्हणून समजात."

"माका अजून खबर ना," सर म्हणाले.

बैठक चाट पडली. त्या समितीत 'मला माहीत नाही' म्हणणारा माणूस तोवर कोणी पाहिलाच नव्हता. भाईंनी कपाळाला हात लावला, पण गणपतीच्या चवथीपर्यंत मुदत मिळवून दिली.

पावसात सरांनी बांबूच्या पानावरची अंडी घरी आणली. "लोणच्याची बरणी गेली," सरांच्या पत्नी, काकी म्हणाल्या, "आतां ह्या जांवयाक जेवपाक कितें वाडूं?" सरांनी भाताची पाती ठेवली, बांबूचीही ठेवली. साध्या जातीच्या अळ्या भातावर पोसतात. या अळ्यांनी भाताला तोंड लावलं नाही. पुढं फुलपाखरू बाहेर आलं, पंखांवरचे पट्टे नि ठिपके दुर्मीळ जातीशी जुळले, आणि मगच सर भाईंकडे गेले. मंडप थोडा अरुंद झाला. बेट राहिलं.

तेव्हापासून सरांचा शब्द गाव डोळे झाकून मानतो. सरांची तक्रार तेवढीच: "डोळे धांपून कित्याक? येवन पळयात मरे!" पंचाहत्तरी गाठलेल्या सरांना उदंड आयुष्य, धड गुडघे आणि संध्याकाळी राईत येऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहणारी चार माणसं लाभोत.