विक्याला शेवट सांगितला

विक्या काल गेला.

परवा मी त्याला एका सिनेमाचा शेवट सांगितला होता. त्यावरून त्याची बायको माझ्याशी बोलत नाहीये.

विक्या म्हणजे विकास. लालबागच्या चाळीत आमच्या शेजारच्या खोलीतला. परळच्या टॉवर्समध्ये लिफ्ट दुरुस्त करायचा. ज्यांनी ज्यांनी त्याच्याशी वाद घातलाय, त्यांना जास्त सांगायला नको.

लहानपणी आमच्या चाळीत पिक्चर बघायचा नाही, ऐकायचा. एकाला थिएटरला पाठवायचं. संध्याकाळी त्याने जिन्यावर बसून सगळ्यांना अख्खा पिक्चर सांगायचा. फायटिंग, डायलॉग, तोंडाने बॅकग्राउंड म्युझिक, सगळं.

नियम एकच. पदरचं काही घालायचं नाही. ज्याने घातलं, तो कायमचा बाद.

तो अंतराळातला पिक्चर मीच सांगितला होता. बर्फाच्या ग्रहावर यान अडकतं. बाकीच्यांना उडता यावं म्हणून त्यांचा इंजिनियर खाली थांबतो आणि हाताने गेट उघडून धरतो. यान जातं. तो तिथेच राहतो. खलास.

"मग त्याचं काय झालं?" विक्या उठून उभाच राहिला होता.

"दाखवलं नाही."

"मग जिवंत आहे."

झालं. शाळा संपली, नोकरी लागली, लग्न झालं, केस गेले. हेका गेला नाही. मी म्हणायचो, ऑक्सिजन संपला असेल रे. तो म्हणायचा, तुला मशीनमधलं काय घंटा कळतं?

आणि आता, इतक्या वर्षांनी, त्या पिक्चरचा दुसरा पार्ट आला.

नेमका विक्याच्या बायपासच्या आदल्या दिवशी.

त्याने फोन बायकोकडे देऊन टाकला होता. कुणी स्पॉयलर टाकला तर? मला दम दिला, "पहिला शो बघ आणि सरळ इकडे ये. आत जायच्या आधी मला कळलं पाहिजे."

बघितला.

दुसऱ्या पार्टमध्ये ते लोक त्याच ग्रहावर परत जातात. इंजिनियरचा रेकॉर्डर सापडतो. त्याचा आवाज थोडा वेळ चालतो आणि मध्येच बंद पडतो. रेकॉर्डर यान उडालं त्याच दिवशी बंद पडलेला. कॅप्टन बर्फात त्याच्या नावाची पाटी रोवते. लोक टाळ्या वाजवत होते.

नेटवर सगळे त्या शेवटाचं कौतुक करतायत. करा बापडे. मला त्या डायरेक्टरला कानाखाली द्यावीशी वाटत होती.

हॉस्पिटलच्या खाली विक्याची बायको, सीमा वहिनी, उभी होती. माझं तोंड बघूनच समजली.

"भावजी, मेला ना तो?"

मी मान हलवली.

"ह्यांना नका सांगू. उद्या छाती उघडणार आहेत ह्यांची. जिवंत आहे म्हणा. माझ्यासाठी एवढं खोटं बोला."

मी हो म्हटलं. अगदी मनापासून हो म्हटलं होतं, वहिनी.

वर विक्या उशीला टेकून तयारच. मी सुरू केलं. यान, वादळ, तोंडाने म्युझिक. शेजारच्या खाटेवरचे काकासुद्धा कूस बदलून ऐकायला लागले. वहिनी पायाशी उभी होती, खाटेची दांडी घट्ट धरून.

शेवट जवळ आला तसं मी पाणी घालायला लागलो. एक सीन उगाच दोनदा सांगितला.

"मंग्या, लांबवू नको. आहे का गेला?"

वॉचमन दारात येऊन ओरडून गेला, व्हिजिटर्स बाहेर चला. मशीनवर त्याचे ठोके दिसत होते. वहिनीकडे बघायची माझी हिंमत होईना.

'आहे' हा शब्द तोंडात तयार होता. पण विक्या माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता, त्यावरून मला एक गोष्ट कळली. मी जन्मात कधी त्याला पदरचं सांगितलं नव्हतं. आज सांगितलं तर तो लगेच ओळखणार. आणि ओळखलं, की पुढचंही समजणार. हा खोटं बोलतोय म्हणजे डॉक्टरांनी ह्याला माझ्याबद्दल काहीतरी सांगितलंय. ती भीती घेऊन तो आत गेला असता.

"गेला," मी म्हटलं.

वहिनी दांडी सोडून बाहेर निघून गेली.

विक्याने तोंड भिंतीकडे केलं. मला वाटलं, संपलं. मी ह्याला मारला.

मग भिंतीकडे बघतच त्याने विचारलं, "बॉडी दाखवली?"

"नाही. रेकॉर्डर, आणि पाटी."

"नीट आठव. बॉडी?"

"नाही रे."

तो वळला. चेहऱ्यावर तेच जुनं माजोरडं हसू.

"येड्या, मग मेला कुठे? रेकॉर्डरची बॅटरी गेली असेल. पाटी काय, कोणीही लावतं. उगाच घाबरवलंस." मग काकांना म्हणाला, "थंडीत बॅटरी पहिली जाते, काका. हे पिक्चर काढणारे कधी मशीनला हात लावतात का?"

वॉचमनने मला अक्षरशः दंडाला धरून बाहेर काढलं. विक्या मागून ओरडत होता, "बरा झालो की घेऊन चल मला. दाखवतो तुला कुठे चुकलास!"

काल सकाळी त्याला आत नेलं. दुपारी डॉक्टर बाहेर आले, आणि त्यांनी आधी चष्मा काढला.

वहिनीने मला एवढंच विचारलं, "भावजी, का सांगितलंत?" त्यानंतर एक शब्द नाही. वर लिहिलंय ते तिच्यासाठीच आहे. पटेल न पटेल.

आज स्मशानात भटजींनी हाक दिली, कुणाला शेवटचं तोंड बघायचं असेल तर या. सगळे गेले. मी मागे खांबाला टेकून उभा राहिलो. मला बघायचंच नव्हतं. बघितलं नसतं तर घरी येऊन मीही हेका धरला असता.

वहिनी आली. माझा हात धरून मला पुढे घेऊन गेली.

बघितलं रे विक्या.

आता वाद नाही. नीट जा, मित्रा.