शिक्क्याची नोटीस, माझ्यासाठी कोरी

थांबा, जेवण नंतर. आधी हे टाइप करते, नाहीतर डोकं फुटेल माझं.

मला दिसत नाही. फोन स्क्रीनवरचं वाचून दाखवतो, मी ऐकते, काम होतं. आठ दिवसांपूर्वी कॉलेजच्या ग्रुपवर एक पीडीएफ आली. उघडली तर फोन म्हणाला, "पान एक. इमेज." बस, पुढे काहीच नाही. मला वाटलं, गॅदरिंगचं पोस्टर असेल. सोडून दिलं.

आज कॅनडा कॉर्नरच्या टपरीवर चहा पिताना मैत्रीण सहज म्हणाली, "लेखनिकाचा फॉर्म भरलास ना गं? आज बारापर्यंतच होता."

लेखनिक म्हणजे परीक्षेत मी सांगेन ते पेपरवर लिहिणारा माणूस. तो नसेल तर मी पेपर कोरा देऊन यायचं. आणि ती पीडीएफ म्हणजे, तिनेच सांगितलं, त्याचीच नोटीस होती!

चहा तसाच टाकून ऑफिस गाठलं. आमचे हेडक्लार्क, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात, शांतपणे म्हणाले, "ग्रुपवर टाकली होती की. सगळ्यांना कळली."

"दिसणाऱ्यांना कळली."

फोन काउंटरवर ठेवला, आवाज फुल. मी इतकं फास्ट ऐकते की बाकीच्यांना नुसती गुणगुण वाटते, म्हणून खास भाऊसाहेबांसाठी स्पीड कमी केला. "पान एक. इमेज." परत लावलं. परत. मागच्या लाइनीतून कुणीतरी ओरडलं, "भाऊसाहेब, लय मोठी नोटीस हाय हो!"

सगळे हसले. भाऊसाहेब भडकले. "अहो, मी स्वतः टाइप केलीये ती! दहा बोटांनी!"

तेव्हा कुठे उलगडलं. त्यांनी नीट टाइप केली, प्रिंट काढली, प्रिन्सिपल सरांची सही घेतली, शिक्का मारला, आणि मग त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून पीडीएफ बनवली. म्हणजे अक्षरं होती, यांनीच त्यांचा फोटो करून टाकला.

"मग टाइप केलेलीच पाठवा ना."

"बिनशिक्क्याची? तिला नोटीस कोण म्हणणार?"

"मी म्हणणार. शिक्क्याची पण टाका, ही पण टाका."

"बघू उद्या."

"आज नाव गेलं नाही तर मला लेखनिक नाही. मी बसते इथंच."

आणि बसले. बाहेरच्या बाकावर नाही, काउंटरच्या आत, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर. दोन वर्षं "प्लीज सर" करून झालंय, मैत्रिणींना "वाच ना गं" करून झालंय. आज नाही.

मग माऊसची टिकटिक. माझा फोन वाजला. फाईल उघडली, आणि पहिलंच वाक्य मोठ्यांदा ऐकू आलं: "दृष्टिहीन विद्यार्थ्यांनी कृपया नोंद घ्यावी."



भाऊसाहेबांनी ड्रॉवरमधून फॉर्म काढला. एकेक रकाना मला विचारून स्वतः भरला, सही मी केली. "या वेळी घेतो हं," म्हणाले. मी म्हटलं, "उपकार नका समजू." मी थँक्यू म्हणाले नाही. मुद्दाम.

यापुढे ग्रुपवर जी नोटीस इमेज म्हणून येईल ती मी तिथंच परत पाठवणार, सगळ्यांसमोर, दर वेळी. कंटाळू देत मला!

तुम्हाला आलीये का कधी अशी नोटीस, तुमच्यासाठीच काढलेली आणि फक्त तुम्हालाच वाचता न येणारी? मग काय केलंत तुम्ही?